झांकली मूठ

एका भगिनीचें पत्र गेल्या पंधरवड्यांत आमच्या हातीं आलें. अक्षर सुवाच्य, मजकूर थोडका. यजमान मोठ्या हुद्द्यावर. मद्याचें व्यसन सात वर्षांचें. सायंकाळीं मुलांस प्रेमानें गणित शिकवितात, रात्रीं त्याच मुलांसमोर ताट भिरकावितात, आणि सकाळीं कांहींच आठवत नाहीं म्हणतात. (हें दरवेळीं सोंगच असतें असें नाहीं, अतिमद्यानें त्या वेळची स्मृति मेंदूंत उमटतच नाहीं.) शेवटीं बाई विचारतात : "एक औषध कळलें आहे. त्यांच्या नकळत चहांतून देऊं काय? सासूबाईंची संमति आहे."

देऊं नये. असें गुपचूप देण्यासाठीं बहुधा सुचविलें जातें तें औषध म्हणजे डायसल्फिराम. तें पोटांत असतां मद्य घेतलें कीं चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब उतरतो. क्वचित् प्राणहि जातो. रोग्यानें जाणूनबुजून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं घ्यावयाचें तें औषध आहे. शिवाय बिंग फुटलें, तर घरच्या चहावरहि त्यांचा विश्वास राहणार नाहीं. खोलीला कडी घालून "आजपासून बंद" म्हणणेंहि तितकेंच घातक. रोज भरपूर पिणाऱ्याचें मद्य एकाएकीं तोडलें तर पहिल्या तीनचार दिवसांत कंप, झटके, भ्रम होऊन जिवावर बेतूं शकतें. तें डॉक्टरांच्या हातूनच सुटलें पाहिजे.

पण आम्हांस खटकलें तें निराळेंच वाक्य : "कचेरींत तापाचा निरोप मीच पाठवितें." भावजींनीं दोनदां उधारी फेडली, सासूबाईंनीं पाटल्या मोडल्या, शेजारीं कळूं नये म्हणून हळदीकुंकू बंद झालें. झांकली मूठ सव्वा लाखाची खरी. पण येथें ते सव्वा लाख सारें घर भरीत आहे, आणि ज्यांचें व्यसन त्यांस एक पैहि मोजावी लागलेली नाहीं. निरोप बंद करावे. नोकरीची भीति खोटी नाहीं, ती आम्ही हलकी लेखीत नाहीं. पण तापाच्या निरोपांवर ती नोकरी आणखी किती दिवस टिकेल?

रात्रीं वाद घालूं नये. मुलांस घेऊन जाऊबाईंच्या खोलींत जावें. हात उगारला गेला तर त्या घरांत थांबूंहि नये, मग सासरचीं माणसें काय म्हणतील तें म्हणोत. बोलावयाचें तें सकाळीं, शुद्ध असतांना, भावजींस जवळ बसवून. शिव्याशाप नकोत, शपथा नकोत. काल रात्रीं काय घडलें तेवढें सांगावें, आणि डॉक्टरांकडे केव्हां जावयाचें तें विचारावें.

पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं सुरू केलेलें मुक्तांगण केंद्र आहे. मद्यपींच्या आप्तांसाठीं १९५१ सालीं अमेरिकेंत निघालेल्या अल-अनॉन मंडळाच्या बैठकी आपल्याकडेहि भरतात. तेथें यजमान नसले तरी चालतें, बाईंनीं एकटीनें जावें. तेंहि तूर्त अवघड वाटलें तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनि विनामूल्य आहे.

चैत्रांतलें हळदीकुंकू यंदां करावें किंवा कसें, असेंहि बाईंनीं पत्राच्या कडेला बारीक अक्षरांत विचारलें आहे. अवश्य करावें.