बहात्तर मिनिटांचं एकच गाणं

मराठीत 'डीजे' हा माणूस नाही, ती वस्तू आहे. "यंदा मंडळाने डीजे आणलाय का?" या प्रश्नातला डीजे म्हणजे ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, तिच्या मागे घरघरणारा जनरेटर आणि आजूबाजूच्या इमारतींच्या थरथरणाऱ्या काचा. त्यामुळे शनिवारी सकाळी हेडफोन लावून बसलेल्या माणसाने "एका डीजेचा अल्बम ऐकतोय" असं सांगितलं, की घरचे त्याच्याकडे कसे बघत असतील याची कल्पना तुम्ही करू शकता :-)

पण तो अल्बम असतो, आणि तो त्या डीजेचाच असतो. आजचं सगळं पुराण एवढ्याचसाठी.

ज्यांना हा प्रकार माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोग्रेसिव्ह हाउस आणि ट्रान्स हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे दोन प्रकार, एकमेकांचे चुलत भाऊ म्हणा. गाणी सात-आठ मिनिटांची, शब्द जवळजवळ नसतातच, ठेका मिनिटाला साधारण १२५ ते १४०. डीजे अशी दहा-बारा गाणी निवडतो आणि एकात एक अशी गुंफतो की सीडी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत आवाज एकदाही थांबत नाही. सीडीवर ७४ ते ८० मिनिटं मावतात, म्हणून एक डिस्क साधारण सव्वा तासाची. बरेचदा दोन डिस्क. हा झाला मिक्स अल्बम. १९९४ साली इंग्लंडमधल्या मॅन्सफील्डच्या 'रेनेसान्स' क्लबच्या नावाने साशा आणि जॉन डिग्वीड या जोडीने तीन सीडींचा संच काढला, तिथून या प्रकाराला खरी प्रतिष्ठा मिळाली. १९९६ मध्ये याच दोघांचा 'नॉर्दर्न एक्स्पोजर' आला आणि त्याच वर्षी 'ग्लोबल अंडरग्राउंड' ही मालिका सुरू झाली. तिच्या प्रत्येक भागाला एका शहराचं नाव: बुडापेस्ट, इबिझा, हाँगकाँग... नकाशा घेऊन बसावं अशी यादी.

आता नेहमीचा आक्षेप. "पण गाणी तर दुसऱ्यांचीच ना? मग याने केलं काय?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. कीर्तनकार अभंग स्वतः लिहितो का? अभंग तुकोबांचा, दृष्टांत कुठल्यातरी पुराणातला, चाल परंपरेची. तरी दोन कीर्तनकार एकच अभंग निरूपणाला घेतात तेव्हा एकाच्या वेळी लोक पेंगतात आणि दुसऱ्याच्या वेळी मंडपात टाचणी पडली तरी ऐकू येते. कुठलं प्रमाण कधी घ्यायचं, कुठे थांबायचं, टाळ-मृदंग कधी वाढवायचा, हे सगळं त्याचं असतं. "यात तुमचं काय?" असं बुवांना विचारायची कोणाची छाती नाही. डीजेला मात्र लगेच विचारतात.

आणि त्याने केलं काय, तर ते मोजून सांगता येतं. मी शेवटी इंजिनियर, आकडे आल्याशिवाय मला झोप येत नाही.

या संगीतात चार ठोक्यांचं एक आवर्तन आणि अशा आठ आवर्तनांचा एक ठोकळा असतो, म्हणजे ३२ ठोके. वेग १३० असेल तर एक ठोकळा जवळजवळ पावणेपंधरा सेकंदांचा. नवं वाद्य येणं, ड्रम गळून पडणं, सगळं बहुधा या ठोकळ्यांच्या सीमेवर घडतं. डीजेने दुसरं गाणं अशा रीतीने सोडायचं की त्याच्या सीमा पहिल्याच्या सीमांवर तंतोतंत बसतील. मग दोन्ही गाणी दीड-दोन मिनिटं एकत्र चालतात. त्या काळात दोन्हींचे बेस एकदम वाजले तर नुसता चिखल होतो, म्हणून एकाचा बेस काढून घ्यायचा आणि योग्य सीमेवर दुसऱ्याचा आत सोडायचा. हे नीट जमलं की गाणं कधी बदललं ते कळतच नाही. थोड्या वेळाने फक्त लक्षात येतं, की अरे, आपण भलतीकडेच आलोय.

हे झालं तालाचं. सुराची भानगड वेगळीच. टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ या १९७९ च्या टर्नटेबलवर वेग आठ टक्के कमी-जास्त करता येतो. पण रेकॉर्ड जोरात फिरवली की सूरही चढतो, आणि साधारण सहा टक्क्यांना अर्धा स्वर वर जातो. १२६ चं गाणं १३० वर न्यायचं तर वेग तीन टक्क्यांहून थोडा जास्त वाढवावा लागतो. म्हणजे गाणं मुळात काळी एकचं असेल, तर ते काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी लटकतं. आता त्याच्यावर दुसरं गाणं दोन मिनिटं चालवून दाखवा! जुन्या डीजेंना हे सगळं कानाने सांभाळावं लागायचं. कुठलं गाणं कुठल्या वेगाला कुठल्या गाण्याशी जुळतं, हे वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांच्या डोक्यात बसलेलं असायचं. पुढे एबलटन लाइव्हसारखी सॉफ्टवेअर आली (पहिली आवृत्ती २००१ ची), त्यांत वेग आणि सूर वेगवेगळे हलवता येतात. मग साशाने २००४ च्या 'इन्व्हॉल्व्हर'मध्ये पुढचं पाऊल टाकलं. अंकल, उलरिश श्नाउस, श्पॉन्गल वगैरेंच्या गाण्यांचे सुटे भाग घेऊन प्रत्येक गाणं त्या अल्बमपुरतं नव्याने घडवलं. तिथे तर "गाणी दुसऱ्यांची" हे वाक्यसुद्धा नीट बसत नाही.

पण माझ्या मते कौशल्याचा हा भाग दुय्यम आहे. जोडकाम आजकाल संगणकही बरं करतो. खरी गोष्ट आहे ती क्रमाची.

पॉल ओकनफोल्डचा १९९८ चा 'ट्रान्सपोर्ट' घ्या. त्यात थ्री ड्राइव्ह्जचं 'ग्रीस २०००' आहे, आइसलंडच्या गुसगुसचं 'पर्पल' आहे, एनर्जी ५२ चं 'काफे देल मार' आहे. 'काफे देल मार' त्या काळी शंभर संकलनांत सापडायचं, आणि सुटं ऐकलं तर ते गोड आहे, थोडं जास्तच गोड. इथे ते उत्तरार्धात येतं. तोवर तुम्ही अर्ध्या तासाहून जास्त चालून आलेले असता, आणि ती सुरावट हळूच वर येते तेव्हा ती ओळखीची असूनही नवी वाटते. गाणं तेच. बदललं ते त्याच्या आधी काय होतं एवढंच.

किंवा 'नॉर्दर्न एक्स्पोजर'. त्याच्या दोन डिस्कना नावं आहेत शून्य अंश उत्तर आणि शून्य अंश दक्षिण. सुरुवातीला बराच वेळ नाचण्यासारखं काही नाहीच. मला हा धीर आवडतो. उलट ज्याला मी 'हात वर करा' पद्धतीचं ट्रान्स म्हणतो, दर चार मिनिटांनी ड्रम बंद, पियानो, मग फुगत जाणारा आवाज आणि धडाम, त्याने तिसऱ्या वेळी माझा चहा निवलेला असतो. आर्मिन व्हॅन ब्यूरनचे चाहते रागावतील. रागवा. टिएस्टोच्या 'इन सर्च ऑफ सनराइज'चे सुरुवातीचे भाग मात्र मी कोणाशीही भांडून वाचवीन.

गोव्याचा विषय निघणारच, तर तोही उरकतो. बीबीसी रेडिओ वनवर १९९३ पासून 'इसेन्शियल मिक्स' नावाचा कार्यक्रम आहे. १८ डिसेंबर १९९४ ला त्यात ओकनफोल्डने दोन तासांचं एक मिक्स वाजवलं, ते 'गोवा मिक्स' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात 'ब्लेड रनर'चं व्हँगेलिसचं संगीत आहे, डेड कॅन डान्स आहे, आणि अर्थात गोव्याच्या किनाऱ्यावर परदेशी मंडळींनी वाढवलेलं ट्रान्सही आहे. अबव्ह अँड बियाँडच्या 'अंजुनाबीट्स' या लेबलचं नावही आपल्या हणजूणवरूनच घेतलंय. याचा अभिमान वगैरे बाळगायचं कारण नाही, पाहुणे आले, किनारा आवडला, नाव घेऊन गेले. पण 'गोवा मिक्स' ऐकाच. नाचायच्या संगीतात चित्रपटाचं शांत संगीत असं मिसळता येतं, हे तेव्हा फार थोड्यांना सुचलं होतं.

आता माझं खरं दुखणं.

सीडीवर गाण्यांमध्ये भिंती नसतात. आवाजाचा एकच प्रवाह असतो आणि "सातवं गाणं इथून" अशा खुणा एका तक्त्यात लिहिलेल्या असतात. एमपीथ्री आलं आणि प्रत्येक गाण्याची वेगळी फाइल झाली. एमपीथ्री ११५२ नमुन्यांच्या चौकटींत काम करतं, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांचा एकेक तुकडा. गाणं चौकटीत पूर्ण बसलं नाही की शेवटी शांतता भरली जाते, सुरुवातीलाही थोडी लागते. सुट्या गाण्यात हे कळत नाही. मिक्समध्ये मात्र प्रत्येक सांध्यावर उचकी लागते! आम्ही हॉस्टेलच्या लॅनवरून ऐकलेली साशा-डिग्वीडची सगळी मिक्स अशी उचक्या देत चालायची. किती शांतता भरली हे फाइलमध्येच लिहून ठेवायची सोय लेम एन्कोडरने केली होती, पण ती वाचायची तसदी बरेच प्लेअर घेत नसत. आयट्यून्स आणि आयपॉडला हे जमायला सप्टेंबर २००६ उजाडलं.

तो बग होता, सुटला. नंतर जे आलं तो बग नाही, ती रचनाच आहे. स्ट्रीमिंगच्या डेटाबेसमध्ये संगीताचं एकक म्हणजे 'ट्रॅक'. मोजणी ट्रॅकची, पैसे ट्रॅकचे, शिफारस ट्रॅकची. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक प्ले धरला जातो, मग गाणं तीन मिनिटांचं असो की सव्वा तासाचं सलग मिक्स. एका मिक्स अल्बममध्ये दहा-बारा गाणी, तितकीच लेबलं, आणि १९९८ साली परवानगी घेतली ती सीडी छापण्यापुरती. आज तेच ऑनलाइन आणायचं तर प्रत्येकाला पुन्हा विचारायचं, आणि त्यातली काही लेबलं बंद पडलेली. परिणाम असा, की जुनी बरीच मिक्स एकतर सापडत नाहीत, किंवा मधली गाणी करडी पडलेली असतात, किंवा गाणी सुटी-सुटी ठेवलेली असतात. म्हणजे अभंगांची गाथा आहे, पण कीर्तन गायब. ॲपलने २०२१ मध्ये शझामच्या मदतीने मिक्समधली गाणी ओळखून ज्याचे त्याला पैसे द्यायची व्यवस्था आणली. प्रयत्न चांगला आहे, म्हणजे मनात आणलं तर स्कीमा बदलता येतो. मुख्य अडचण ही, की ग्राहक म्हणून आपण कोणी तक्रारच करत नाही. २०२१ मध्ये ॲडेलने सांगितलं म्हणून स्पॉटिफायने अल्बमवरचं आपोआप शफल काढून टाकलं. तिचं ऐकलं. डीजेंची बाजू मांडायला तेवढा मोठा आवाज नाही.

"पण यूट्यूबवर हजारो डीजे सेट आहेत की!" आहेत. पण तो एका रात्रीचा वृत्तांत असतो. समोरच्या गर्दीकडे बघून वाजवलेला, आणि हल्ली महोत्सवांत तासाभरात गुंडाळलेला. अल्बममध्ये गर्दी नसते. घरी, एकट्या, नाच न येणाऱ्या माणसासाठी (म्हणजे माझ्यासाठी) कोणीतरी क्रम लावत बसलेलं असतं. आणि काल रात्री काय वाजलं हे उद्या कोणी विसरलं तरी चालतं, अल्बम मात्र वीस वर्षांनी पुन्हा काढून ऐकायसाठीच असतो.

कोड लिहिताना पार्श्वभूमीला लावतात तेही मला मान्य आहे, शब्द नसल्यामुळे हे संगीत त्या कामाला उत्तम. पण पहिल्यांदा तरी स्क्रीनशिवाय ऐका. संध्याकाळी सहानंतर हिंजवडी फेज थ्रीहून कोथरूडला यायला कंपनीच्या बसला जेवढा वेळ लागतो, त्यात एक डिस्क आरामात बसते. पाऊस असेल तर दोन्ही.

आणि कोणाकडे अजून अशा सीडी पडून असतील तर या शनिवारी-रविवारी त्या कॉपी करून ठेवा. ट्रॅकवार नको. अख्ख्या डिस्कची एकच फ्लॅक फाइल आणि सोबत क्यू शीट. क्यू शीट ही साधी टेक्स्ट फाइल असते, गाणं कुठे सुरू होतं ते त्यात मिनिट, सेकंद आणि सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग एवढ्या काटेकोरपणे लिहिलेलं असतं. फूबार२००० ती छान वाचतो. एक डिस्क कॉपी करायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि नवीन लॅपटॉपना सीडी ड्राइव्ह नसतो, तो बाहेरून जोडायचा मिळतो. माझ्याकडे एक आहे, पुण्यात असाल तर घेऊन जा. फक्त परत द्या, अजून डिग्वीडचा हाँगकाँग व्हायचाय.