लाइन वाढवण्याआधी फेऱ्या मोजा

आपल्या समाजातील अनेक पेढ्यांचा एक पाय भिवंडी-मालेगावात, तर दुसरा आखातात असतो. मालाच्या याद्या, कापडाची डिझाइन्स, हिशेबाच्या फायली एका संगणकावर ठेवून दोन्हीकडून उघडण्याची सोय आता लहान पेढ्याही करतात. मग तक्रार सुरू होते. भिवंडीत चटकन उघडणारी फाइल दुबईच्या दुकानात मिनिटभर ताटकळवते. विक्रेता म्हणतो, मोठी लाइन घ्या. दरमहा भाडे वाढते, फाइल मात्र तशीच रेंगाळते. आमच्या मते हा खर्च बहुतेक वेळा वाया जातो.

फाइल उघडताना दोन संगणकांत शेकडो सवाल-जवाब होतात. एका फेरीला 50 मिलिसेकंद धरले, तर एकामागून एक 400 फेऱ्यांना 20 सेकंद लागतात. रस्ता रुंद केला म्हणून दुबई जवळ येत नाही. त्यात विंडोजची जुनी पद्धत, एसएमबी 1, एका वेळी साधारण 60 किलोबाइटच मागते आणि जवाब आल्यावरच पुढचा सवाल करते. सेकंदाला अशा 20 खेपा म्हणजे जेमतेम 10 मेगाबिट. लाइन 100 मेगाबिटची असली, तरी बाकीचे भाडे फुकट.

उपाय स्वस्त आहेत. 2006 साली व्हिस्टाबरोबर आलेली एसएमबी 2 आणि 2012 ची एसएमबी 3 एका फेरीत बराच अधिक माल आणतात. पेढीत एखादे जुने यंत्र अजून पहिल्याच पद्धतीवर अडले असेल, तर आधी ते बदला. मे 2017 मध्ये जगभर धुमाकूळ घालणारा वॉनाक्राय याच जुन्या पद्धतीतील खोटीतून पसरला, हेही विसरू नका. फाइलचे सामायिक फोल्डर उघड्या इंटरनेटवर कधीही ठेवू नका, व्हीपीएनमधूनच चालवा.

शंभर लहान फायली सुट्या पाठवण्यापेक्षा त्यांची एक झिप करून पाठवा. डिझाइन तिकडे उतरवून घ्या, काम करा, मग परत चढवा. रोज तीच मोठी फाइल लागत असेल, तर आरसिंकसारखे साधन फक्त बदललेला भाग पाठवते. हिशेबाची फाइल मात्र दुरून थेट उघडूच नका. लिहिताना लाइन तुटली तर वही बिघडू शकते. त्यासाठी रिमोट डेस्कटॉप बरा. फाइल भिवंडीतच राहते, दुबईला फक्त पडद्याचे चित्र जाते.

बाजारात आपण माप तपासल्याशिवाय माल उचलत नाही. मग इथेच डोळे मिटून पैसे का मोजावेत? पुढच्या वेळी विक्रेता आला, की त्याच्यासमोर दुबईच्या संगणकाला 'पिंग' करा आणि एका फेरीला किती मिलिसेकंद लागतात ते पाहा. मोठ्या लाइनने हा आकडा किती कमी होईल, ते त्याच्याकडून लिहून घ्या. त्याने टाळाटाळ केली, तर पैसे खिशातच राहू द्या.