भार आणि मार

मराठीत ‘भार’ वेगळा आणि ‘मार’ वेगळा. हे मराठीच्या मास्तराने सांगावे, यात नवल ते काय? नवल हे की, हा भेद धातूंनाही कळतो. डोक्यावर मोळी घेऊन कोसभर चालणारा गडी पाठीत बसलेल्या एका गुद्द्याने कोलमडतो. लोखंडाचे नेमके उलटे. सावकाश ओढले तर ते लवकर नमते आणि झटका दिला तर अधिक नेटाने उभे राहते. आणि आमच्या वऱ्हाडी चुलीवरचा ‘जर्मनचा’ गंज, म्हणजे अल्युमिनियम? त्याला भार काय नि मार काय, जवळपास सारखेच!

दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. परतवाडेकराने तरी विचारू नये. आमच्या नशिबी चिखलदऱ्याचा घाट आहे आणि घाटात एस. टी. आहे. एस. टी.च्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथल्या कार्यशाळांनी वर्षानुवर्षे अल्युमिनियमच्या गाड्या बांधल्या. २०१७-१८च्या सुमारास महामंडळ मऊ पोलादाच्या सांगाड्याकडे वळले. कारण सांगितले प्रवाशांच्या सुरक्षिततेचे.

या निर्णयामागे धातुशास्त्राची एक गंमत आहे. प्रयोगशाळेत धातूची कांडी यंत्रात धरून हळूहळू ओढतात आणि ती काही मिनिटांनी तुटते. पुस्तकात छापलेली ताकद ती ही. धडक मात्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आटोपते. बर्ट्रम हॉपकिन्सन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५ साली दाखवले की, क्षणभराचा ताण पोलादी तार नेहमीपेक्षा कितीतरी जास्त सोसते. कांडी सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या चाळीसपट, अशा वेगाने ताणली, तर मऊ पोलादाची नमण्याची पायरी सुमारे दुप्पट वर जाते. तुटण्याची ताकद तेवढी वाढत नाही. त्याच वेगाला ६०६१सारख्या कणखर अल्युमिनियम मिश्रधातूत फरक अगदी थोडा. शुद्ध, मऊ अल्युमिनियम वेगाला थोडे अधिक दाद देते. पण त्याची मुळातली पुंजीच लहान.

असे का व्हावे? धातू वाकतो तेव्हा त्याच्या आतल्या अणूंच्या रांगा एकमेकींवरून सरकतात. लोखंडात त्यांना पावलोपावली उंबरठा लागतो. उष्णतेने अणू सतत थरथरत असतात. सवड मिळाली की ती थरथर उंबरठा ओलांडायला मदत करते. झटक्यात सवडच नाही, म्हणून जोर जास्त लागतो. अल्युमिनियमला तसा उंबरठा जवळजवळ नाही. मिश्रधातूत दुसऱ्या धातूंच्या बारीक कणांची आडकाठी असते, पण ती अशी की थरथरीचा तिच्यापुढे फारसा इलाज चालत नाही. मग घाई केली काय नि थांबले काय! थंडीही घाईचेच काम करते. कडाक्याच्या गारठ्यात साधे पोलाद ठिसूळ होते, अल्युमिनियम होत नाही. म्हणून अतिशीत द्रवरूप वायूंच्या टाक्या त्याच्या करतात.

अल्युमिनियमचा खरा वैरी मार नव्हे, मुरलेला भार. स्क्रूखाली दाबलेली घरातली अल्युमिनियमची तार वर्षानुवर्षे हळूहळू दबते, सांधा ढिला होतो आणि एक दिवस ठिणगी उडते.

मग महामंडळाचे बरोबर की चूक? घाईच्या प्रसंगी पोलाद पदरचे थोडे घालते, हे खरे. पण अल्युमिनियमचे वजन पोलादाच्या एकतृतीयांश. तितक्याच वजनात त्याची पट्टी तिप्पट जाड घेता येते. शिवाय सांगाड्याची घडण नि सांधे यांवर पुष्कळ ठरते. धातू बदलला म्हणून निश्चिंत होऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

नागपुरास अमरावती रस्त्यावर, वाडीला, १९८९ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू अल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. हिंगण्याची कार्यशाळाही तेथून जवळच. दोघा शेजाऱ्यांत हा विषय निघायला प्रवासभाडेसुद्धा पडणार नाही! ‘गाडी किती मजबूत?’ हा प्रश्न अर्धाच आहे, वाचकहो. ‘किती वेगाच्या धडकेला?’ हा उरलेला अर्धा. घाटात खिडकीशी मूल घेऊन बसलेल्या बाईचा जीव त्या दुसऱ्या अर्ध्यावर टांगलेला असतो.