‘मेंटेनन्स फक्त पाचशे’

बीड बायपास असो, गारखेडा असो की उल्कानगरी, फ्लॅट दाखवणारा एक वाक्य हमखास टाकतो: "आणि मेंटेनन्स फक्त पाचशे!" आपण खूश होतो. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं. पाचशेत वॉचमन, झाडलोट आणि जिन्यातला दिवा भागतो. वीस वर्षांनी गच्ची गळेल, लिफ्ट बदलावी लागेल, कॉलममधली सळई गंजून फुगेल, त्याचे पैसे त्यात नसतात. ते तेव्हा तिथे राहणाऱ्याच्या खिशातून जाणार. म्हणजे बहुधा तुमच्या.

स्वस्त मेंटेनन्सला काटकसर म्हणणं बंद करा. ती पुढच्या मालकाच्या नावावर काढलेली उधारी आहे.

यावरचा उपाय गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत छापलेला आहे. जमिनीची किंमत सोडून फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात आणि किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत. बांधकाम खर्च १२ लाख धरा. सिंकिंग फंडाचे महिन्याला २५० रुपये होतात. चाळीस फ्लॅटांचे वर्षाला १ लाख २० हजार, वीस वर्षांत व्याज सोडून २४ लाख. इतक्यासाठी आपण सभेत भांडतो. तुमची सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालची ‘अपार्टमेंट’ असेल, तर हे दर आपोआप लागू होत नाहीत. पण काँक्रीटला ते कळत नाही.

"टँकरलाच पैसे पुरत नाहीत, फंड कुठून भरू?" या शहरात हा प्रश्न खोटा नाही. पण टँकरचे पैसे निघतात, कारण तहान आज लागते. भिंतीची चीर थांबते, म्हणून आपण तिला थांबवून ठेवतो. मग एक दिवस प्रत्येकी लाखाची वर्गणी निघते, आणि ज्याची पेन्शनच तेवढी नसते त्याला फ्लॅट विकावा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: "जमवलं तर कमिटी खाईल, नाहीतर बँक बुडेल." याच शहरात २०२३ साली आदर्श नागरी पतसंस्थेतला घोटाळा उघड झाला आणि ठेवीदार रस्त्यावर आले. भीती खरी आहे, पण ती हिशेब मागण्याचं कारण आहे, पैसे न भरण्याचं नव्हे. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण नसतं. बँकेत ते ५ लाखांपर्यंतच असतं, आणि अख्खी सोसायटी हा एकच ठेवीदार मोजला जातो. जास्त व्याजाच्या मोहाने २४ लाख एकाच ठिकाणी ठेवणारी कमिटी निवडून कोण देतं? सभेला न जाणारे आपणच.

खर्चाचेही नियम आहेत. सिंकिंग फंड पुनर्बांधणीसाठी, इमारत मजबूत करण्यासाठी, मोठ्या दुरुस्तीसाठी. त्याला आर्किटेक्टचा दाखला आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी. गेटच्या रंगाला, गणपतीच्या मांडवाला तो हात लावायचा नाही.

तेव्हा टोकन देण्याआधी विचारा: फंडात किती आहे, कुठल्या बँकेत आहे, स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं? इमारत पंधरा वर्षांपुढची असेल तर ते दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडल्यावर दर तीन वर्षांनी व्हायला हवं. उत्तर आलं नाही, तर जितकी वर्षं फंड भरला नाही तितक्या वर्षांची रक्कम भावातून कापून मागा. ‘फक्त पाचशे’ची फुशारकी त्या दिवशी उतरेल.