सर्व्हिसचे उत्तर : जोराला जोर नव्हे

मनीषनगर, सोमलवाडा, बेसा या दक्षिण नागपूरच्या वस्त्यांत राहून इतवारी, गांधीबाग किंवा सीताबर्डीत व्यापार सांभाळणाऱ्या मंडळींना दिवसातील एकच तास स्वतःचा म्हणता येतो, आणि तो म्हणजे दुकान उघडण्यापूर्वीचा सकाळचा तास. ज्या घरांत टेनिसची आवड आहे, तेथे हा तास पिता-पुत्रांचा किंवा पिता-कन्येचाही असतो. मात्र मुले सोळा-सतरा वर्षांची झाली की त्यांच्या सर्व्हिसला वेग येतो, वडिलांचा परतीचा फटका जाळीत अडकू लागतो आणि हळूहळू वडील कोर्टाबाहेरच्या बाकावर बसू लागतात. वय झाले, असे त्यावर म्हटले जाते. बहुतेक वेळा वय हे कारण नसते. उत्तर देण्याची पद्धत चुकलेली असते. म्हणून या वेळी आपण स्लाइस परतीच्या फटक्याचा विचार करू.

प्रथम हिशेब पाहू. टेनिसचे कोर्ट २३.७७ मीटर लांब असते. ताशी १६० किलोमीटर वेगाने निघालेली सर्व्हिस आपल्यापर्यंत पोहोचण्यास साधारण पाऊण सेकंद लागतो. एवढ्या अवधीत चेंडू ओळखायचा, वळायचे, रॅकेट मागे न्यायची आणि ती पुन्हा पुढे आणायची. पूर्ण झोताचा फटका मारू पाहणाऱ्याचे येथेच दिवाळे निघते. स्लाइसमध्ये रॅकेट फारशी मागे न्यावीच लागत नाही. वेग समोरच्याने दिलेला असतो, आपण त्याला केवळ दिशा द्यायची असते.

याचे दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. उसळी घेऊन पुढे फिरत आलेला चेंडू जोरदार टॉपस्पिनने परतवायचा, तर त्याची फिरकी पूर्ण उलटवावी लागते. स्लाइस मात्र चेंडूला तो ज्या दिशेने फिरत आला त्याच दिशेने फिरू देतो. म्हणूनच त्याला कष्ट कमी लागतात आणि खांद्यापर्यंत उसळणारा चेंडूही आवाक्यात राहतो.

आता कृती. रॅकेट हातोडीसारखी धरावी. हीच कॉन्टिनेंटल पकड. समोरचा खेळाडू चेंडूवर प्रहार करतो त्या क्षणी दोन्ही पायांवर छोटी उडी घेऊन हलके उतरावे, म्हणजे कोणत्याही बाजूस निघता येते. चेंडू बॅकहँडकडे आल्यास प्रथम खांदे वळवावेत. मोकळा हात रॅकेटच्या गळ्याशी असावा आणि रॅकेटचे तोंड मनगटाच्या वर, चेंडूच्या उंचीपेक्षा किंचित उंच असावे. चेंडू शरीराच्या पुढे असतानाच घ्यावा. रॅकेटचे तोंड किंचित उघडे ठेवावे, आणि फटका वरून खाली जाण्यापेक्षा मागून पुढे अधिक जावा. शेवटी रॅकेट लक्ष्याच्या दिशेने जावी. मोकळा हात मागे जाऊन तोल सांभाळेल.

बहुसंख्य खेळाडूंचे नुकसान एकाच दोषाने होते : ते भाजी चिरावी तसा चेंडू चिरतात. उलटी फिरकी चेंडूला हवेत धरून ठेवते. त्यात रॅकेट उभी खाली आली, तर चेंडू संथपणे तरंगत जातो आणि समोरच्याला मनासारखा मिळतो. पुढे ढकललेला स्लाइस मात्र जाळीवरून सपाट जातो, टप्प्यानंतर बुटका राहतो आणि प्रतिस्पर्ध्याला गुडघे वाकवायला लावतो. मनगट सैल पडणे हा दुसरा दोष. चेंडू लागण्याच्या क्षणी मूठ आवळावी, एरवी सैल ठेवावी.

प्रत्येक सर्व्हिसला उत्तर एकच नसते. पहिली वेगवान सर्व्हिस केवळ अडवावी आणि बेसलाइनच्या मध्यभागी खोल टाकावी. जाळी मध्यभागी ०.९१४ मीटर, म्हणजे सर्वांत कमी उंच असल्याने तो मार्ग सुरक्षित आहे. दुसरी सर्व्हिस मंद आल्यास पुढे सरसावून स्लाइस करावा आणि त्याच पावली जाळीकडे जावे. दुहेरीत जाळीकडे येणाऱ्याच्या पायाशी तिरका चेंडू द्यावा. लिएंडर पेसच्या खेळात ही युक्ती वारंवार दिसे. आपल्या महाराष्ट्राच्या गौरव नाटेकरसह त्याने १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. मुलींनाही हा फटका आवर्जून शिकवावा. ॲश्ले बार्टीने २०२१ मध्ये विम्बल्डन जिंकले, तेव्हा तिचा एकहाती स्लाइस हे तिचे मोठे शस्त्र होते.

नागपूरच्या हवेचाही विचार हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तापलेल्या दिवसांत हवा विरळ आणि चेंडू उसळता असतो, तेव्हा रॅकेटचा झोत आणखी आखूड करावा. थंडीच्या पहाटे चेंडू मंद येतो. तेव्हा शरीराचा भार पुढे टाकावा.

एक गोष्ट आपल्या घरांसाठी विशेष महत्त्वाची. रॅकेटच्या तारांना आपण सर्रास ‘गटिंग’ म्हणतो. हा शब्द ज्या ‘गट’वरून आला त्याचा अर्थ आतडे असा आहे, आणि ‘नॅचरल गट’ नावाने विकल्या जाणाऱ्या तारा आजही गुरांच्या आतड्यांपासून बनतात. त्या मऊ असल्याने कोपर दुखणाऱ्यांना सुचविल्या जातात. पण तोच मऊपणा बऱ्याच अंशी कृत्रिम धाग्यांच्या ‘मल्टिफिलामेंट’ तारांत मिळतो. पॉलिएस्टरच्या तारा टिकाऊ, परंतु कडक असतात. चाळिशीनंतरच्या कोपराला त्या मानवतीलच असे नाही. मुठीवर चामड्याची ग्रिप नको असल्यास कृत्रिम ग्रिप सहज मिळते. दुकानदाराला स्पष्ट विचारून मगच तारा बसवाव्यात.

सराव थोडा, पण नेमाने असावा. पहिल्या आठवड्यात जोडीदाराने सर्व्हिस बॉक्सच्या रेषेवरून निम्म्या वेगाने सर्व्हिस करावी आणि आपण केवळ अडवावे. दुसऱ्या आठवड्यात जाळीच्या वर हातभर उंचीवर दोरी बांधून चेंडू दोरी व जाळी यांमधून काढावा. तिसऱ्या आठवड्यात पूर्ण वेगाच्या सर्व्हिसला सामोरे जावे. रोज वीस सर्व्हिस घ्याव्यात आणि रोजमेळासारखी नोंद ठेवावी : कोर्टात पडलेले चेंडू जमा, जाळीत किंवा बाहेर गेलेले नावे. जमेची बाजू चौदावर स्थिरावली, की मुलाच्या सर्व्हिसची धास्ती वाटेनाशी होईल. मुलालाही सहज मिळणारे गुण बंद झाल्याने आपली सर्व्हिस सुधारावी लागेल, आणि सकाळचा तो तास दोघांचाही राहील.