गाडी चालत आली, मग ईसीएम गेला कसा?

गेल्या आठवड्यात माझ्या नऊ वर्षं जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरला नेली. नाव लिहीत नाही, कारण हा आजार काही एकाच दुकानाचा नाही. तिथल्या पोरानं स्टीअरिंगखालच्या पोर्टला स्कॅनर लावला, काढला, पुन्हा लावला, आत जाऊन आला आणि म्हणाला, "सर, कनेक्टच होत नाहीये. ईसीएम गेलाय." कोटेशन ४१ हजार. तालुक्याच्या पत्रकाराचं मानधन किती असतं ते तुम्हाला माहीत आहे.

परतताना आमच्या नेहमीच्या मेस्त्रीकडे थांबलो. त्यानं कागद वाचला, गाडीकडे बघितलं.

"पत्रकार, ढकलत आणली का?"

"नाही, चालवत."

"मग ईसीएम गेला कसा?"

ईसीएम म्हणजे इंजिनाचा मेंदू. डिझेल-पेट्रोल किती सोडायचं हे तोच ठरवतो. तो गेला तर गाडी जागची हलत नाही. फक्त बोलणारा भाग जळू शकतो, नाही असं नाही, पण ती शंका सगळ्यात शेवटी घ्यायची. वीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरतोय आणि हा साधा प्रश्न मला सुचला नाही! हातात कोटेशन पडलं की डोकं चालत नाही, दुसरं काय.

मेस्त्रीचा स्कॅनरही लागेना, दिवासुद्धा पेटेना. दुसऱ्या गाडीला मात्र लगेच लागला. म्हणजे खोट पोर्टमध्येच. तो म्हणाला, "मीटर असेल तर घरी बघा, मला आज वेळ नाही."

रविवारी शेजारच्या वायरमनचा मल्टिमीटर आणला. पोर्टला १६ खाचा असतात. रुंद बाजू वर धरली तर वर डावीकडून १ ते ८, खाली ९ ते १६. चार नंबर अर्थिंग, सोळा नंबरला बॅटरीचा थेट प्लस. मीटर डीसी २० वर ठेवून काळी वायर चारला, लाल सोळाला. बारा व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. दिसला शून्य. मग काळी वायर दाराच्या बिजागरीच्या उघड्या बोल्टला लावली, तरी शून्य. तिथं बारा आले असते तर अर्थिंग तुटलंय म्हणायचं. आले नाहीत, म्हणजे प्लसच येत नाही. म्हणजे फ्यूज.

फ्यूज कुठला? गाडीच्या पुस्तकात पोर्टचं नावच नाही. बऱ्याच गाड्यांत पोर्ट आणि मोबाईल चार्जिंगचं सॉकेट एकाच फ्यूजवर असतात, हे मेस्त्रीनं जाताजाता सांगितलं होतं. सॉकेटही मेलेलं. टॉर्च मारली तर आत एक रुपयाचं नाणं! धाकट्यानं त्याला गल्ला समजलं होतं. इग्निशन बंद करून नाणं काढलं, जळालेला १५ अँपिअरचा फ्यूज काढून तेवढ्याच अँपिअरचा नवा टाकला. किंमत दहा रुपये.

तुम्ही करणार असाल तर जपून. मोठा फ्यूज किंवा तार घालू नका, वायरिंग जळेल. नवाही लगेच उडाला तर पुढं शॉर्ट आहे, थांबा. स्टीअरिंगखालच्या पिवळ्या वायरी एअरबॅगच्या, हात लावायचा नाही. आणि वीज येत असूनही स्कॅनर लागत नसेल तर आधी नंतर बसवलेला जीपीएस किंवा म्युझिक सिस्टीम काढून बघायला सांगा.

आता मूळ मुद्दा. सर्व्हिस सेंटरमधल्या पोराला मीटर लावता येत नव्हता असं मला वाटत नाही. त्याला लावायची गरज नव्हती. कारण त्यानं काय तपासलं हे मी विचारणार नाही, याची खात्री होती. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग, तपासणीची यंत्रं आणि माहिती मिळू न दिल्याबद्दल. प्रकरण अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं, त्यात मोटारी धरल्या आहेत. आमच्या मेस्त्रीपर्यंत यातलं काय पोहोचलं? एक चायनीज स्कॅनर, तोही त्यानं स्वतःच्या पैशानं घेतलेला.

कंपन्या सुरक्षेचं कारण देतात. ब्रेक, एअरबॅगच्या बाबतीत मलाही ते पटतं. पण पोर्टचा फ्यूज कुठला, हे कसलं गुपित? ते पुस्तकात छापा, मराठीत छापा. आणि ईसीएम बदला असं लिहून देताना पोर्टला किती व्होल्ट मिळाले, कुठले फ्यूज बघितले, हे त्याच कागदावर लिहायची सक्ती करा. दोन ओळींचं काम आहे.

सोमवारी मेस्त्रीनं स्कॅनर लावला. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला. सेन्सरची वायर उंदरानं कुरतडली होती. जोडायचे त्यानं दोनशे रुपये घेतले. ४१ हजारांचं कोटेशन माझ्याकडे आहे, उद्या ते घेऊन सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरकडे जातोय. काय म्हणतात ते इथंच लिहीन.