राक्षस कोणी रंगविला?

आपल्या वस्तीतली तरुण मुले वाचत नाहीत, ही तक्रार हल्ली प्रत्येक सभेत ऐकू येते. बुद्धविहारात वर्षावासाचे प्रवचन चालू असते आणि मागच्या रांगेतली मुले मोबाईलमध्ये डोके खुपसून बसलेली असतात. वक्ते चिडतात, कार्यकर्ते डोळे वटारतात. परंतु ही मुले मोबाईलवर नेमके काय करतात, हे विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. त्यातली बरीचशी मुले चक्क वाचत असतात! कोरिया, जपान, अमेरिकेत तयार झालेल्या अद्भुत चित्रकथा आता भागाभागाने मोबाईलवर येतात. त्यात राजे असतात, जादूच्या तलवारी असतात, माणसाचे रूप घेणारे राक्षस असतात. नवा भाग आला की रत्नागिरीतला मुलगा आणि नालासोपाऱ्याला चाळीत राहणारा त्याचा मावसभाऊ त्यावर रात्री उशिरापर्यंत बोलत राहतात. त्या राजाने असे का केले? त्या राक्षसाचा गुन्हा तरी काय होता? गेल्या भागात एक सांगितले आणि या भागात भलतेच कसे? याच बोलण्यात मध्येच खोलीचे भाडे येते, पोलीस भरतीची धावणी येते, कंत्राटी नोकरीतला थकलेला पगार येतो, गावची लावणी आणि आईचे दुखणे येते.

चळवळीतल्या जाणत्यांना हा पोरकटपणा वाटतो. आमचे म्हणणे वेगळे आहे. अद्भुत कथेवर शंका काढत बसणे आणि बोलता बोलता रोजच्या जगण्यावर येणे, ही आपल्या चळवळीची फार जुनी रीत आहे. ज्यांना पुरावा हवा असेल त्यांनी महात्मा जोतिराव फुले यांचे 1873 सालचे 'गुलामगिरी' पुन्हा एकदा उघडावे. हा ग्रंथ म्हणजे दोघांचा संवाद आहे. धोंडीबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. विषय कोणता? मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, म्हणजे त्या काळी घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या अद्भुत कथा! माशाच्या पोटी माणूस कसा जन्मेल, ब्रह्मदेवाच्या तोंडातून माणसे कशी निघतील, अशा रोखठोक शंकांतून बोलणे पुढे सरकते आणि शेवटी शाळा, भटकुलकर्णी, सरकारी कचेऱ्या आणि शेतकऱ्याची नागवणूक इथे येऊन ठेपते. आधी राक्षसाची गोष्ट, मग आपल्या पोटाची गोष्ट. आजची मुले वेगळे काय करीत आहेत?

रत्नागिरीच्या वाचकांनी तर 'गुलामगिरी'तला मत्स्य आणि शंखासुराचा भाग मुद्दाम वाचावा. पुराण सांगते की शंखासुराने वेद चोरले आणि विष्णूने माशाचे रूप घेऊन त्याला ठार केले. जोतिरावांनी ही कथा उलटी करून पाहिली. त्यांच्या मते मत्स्य हा समुद्रमार्गे होड्यांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या टोळीचा नायक आणि शंखासुर हा त्या किनाऱ्यावरचा राजा. म्हणजे ज्याला चोर ठरविले तोच घरचा धनी, आणि ज्याला अवतार ठरविले तो चाल करून आलेला! आता आपल्या जिल्ह्यातला शिमगा आठवा. नमन-खेळ्यांत संकासूर येतो. अंगात काळा पेहराव, डोक्यावर उंच निमुळती टोपी, तोंडावर मुखवटा, लांब पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरू. पोरे त्याला भिऊन पळतात आणि थोरली माणसे त्याला नवस बोलतात. हा संकासूर म्हणजेच पुराणातला शंखासूर, असे सांगितले जाते. पुराणाने ज्याला मारले त्याला कोकणातला कष्टकरी माणूस अजून दारी नाचवतो आणि त्याच्यापुढे हात जोडतो, हे कसे? हा प्रश्न किती जणांना पडला?

इथे कोणी म्हणेल की 1956 च्या धम्मदीक्षेनंतर आपण देवदेवस्की सोडली, गावकीची कामे सोडली, मग संकासुराशी आपला संबंध काय? त्यापुढे हात जोडायचे नाहीत हे खरेच आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला ते सांगण्याची गरज नाही. पण हात जोडणे वेगळे आणि चौकशी करणे वेगळे. कथेतला राक्षस कोणी रंगविला, कोणाच्या सोयीसाठी रंगविला, ही चौकशी आपण सोडली तर दुसरे लोक आपल्या मुलांना तयार उत्तरे देतील.

चौकशीची ही परंपरा याच मातीतली आहे. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीला राहिले आणि 1888 साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. त्यात काय आहे? सनातन्यांना विचारलेले प्रश्न आहेत! पुढे बाबासाहेबांनी 1946 साली 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ लिहिला आणि आर्यांच्या स्वारीचा सिद्धान्तच पुराव्यानिशी नाकारला. म्हणजे ज्या जोतिरावांना त्यांनी गुरू मानले आणि ज्यांना तो ग्रंथ अर्पण केला, त्यांच्याशीही त्यांचे या मुद्द्यावर पटले नाही. आपल्या परंपरेत गुरूच्या उत्तरावरसुद्धा शंका घेता येते, हेच तिचे मोठेपण. 'रिडल्स इन हिंदुइझम' हे बाबासाहेबांचे लेखन तर नावापासूनच कोडी घालणारे. राज्य सरकारने 1987 साली ते प्रसिद्ध केल्यावर राम आणि कृष्ण यांच्याविषयीच्या प्रकरणावरून केवढे रान उठविले गेले आणि 1988 च्या सुरुवातीला आपला समाज मुंबईच्या रस्त्यावर किती मोठ्या संख्येने उतरला, हे पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. कथेला प्रश्न विचारण्याच्या हक्कासाठी तो समाज उतरला होता. त्याच समाजाची नातवंडे कथेला प्रश्न विचारू लागली तर आपण त्यांच्यावर डोळे वटारायचे?

मात्र मुलांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. तुमचे प्रश्न परक्या राजाला जितके झोंबतात तितके घरच्या चित्राला का झोंबत नाहीत? मागच्या पिढीने 1964 पासून इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मोठ्या आवडीने वाचला. गोरा माणूस पिढ्यान्पिढ्या काळ्या आदिवासींवर हुकमत चालवतो आणि ते त्याला अमर समजतात, हे कोणाला खटकले नाही. 1967 पासून अमर चित्रकथा आली. तिच्या कितीतरी अंकांत देव गोरे, नाकेले आणि असुर काळे, आडदांड! त्याच मालिकेने 1979 साली बाबासाहेबांवरही अंक काढला हे खरे, पण आसपासच्या अंकांतले असुर तसेच राहिले. रंग हा साधा रंग नसतो. काळ्या रंगाचा माणूस वाईट असतो हे अक्षरओळख होण्याआधीच मुलाच्या डोळ्यांत भरवले जाते आणि मग ते मूल आरशात पाहते.

अलीकडचे उदाहरण घ्या. दिल्लीत 2012 च्या डिसेंबरमध्ये झालेल्या अत्याचारानंतर 'प्रियाज शक्ती' नावाची चित्रकथा 2014 साली आली आणि ती मोबाईलवर फुकट वाचता येत होती. अत्याचार झालेल्या प्रियाला घरचे दूर लोटतात, पार्वती तिच्या मदतीला येते आणि ती निर्भय होऊन वाघावर बसून गावात परतते. हेतू चांगला आहे. पीडितेला दोष देऊ नका, हा संदेशही चांगला आहे. परंतु आंबेडकरी वाचकाने विचारलेच पाहिजे की 29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली तेव्हा कोणती देवी आली? सुरेखाताई भोतमांगे पोलिसांकडे गेल्या होत्या, कायद्याकडे गेल्या होत्या. कायदा वेळेवर आला नाही आणि खटल्यात अ‍ॅट्रॉसिटीचा कायदाही लागू झाला नाही. ज्या कथेत सुटका देवीकडून येते त्या कथेत पोलीस ठाणे, न्यायालय आणि गावाची जात यांना जाब विचारण्याचे कारणच उरत नाही.

मग अद्भुत चित्र टाकून द्यायचे का? मुळीच नाही! 2011 साली आलेले 'भीमायन' पाहा. मध्य प्रदेशातील परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी त्यात बाबासाहेबांचे आयुष्य रंगविले. त्यांनी चित्रे चौकटींत कोंबायला नकार दिला. त्यांच्या पानांवर शब्दसुद्धा जिवंत होतात. सोसणाऱ्याचे, प्रेमळ माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते आणि जातीचे विष ओकणाऱ्याच्या बोलण्याला विंचवाची नांगी असते. किती साधी आणि किती खरी कल्पना! इथे राक्षस नाही, शिंगे नाहीत. साध्या माणसाच्या तोंडचे साधे वाक्य नांगी मारते. शाळेतले पाणी, बडोद्यात नोकरीला गेलेल्या बाबासाहेबांना न मिळालेला निवारा, सगळे त्यात आहे. त्याच वर्षी 'गुलामगिरी'वरही 'ए गार्डनर इन द वेस्टलँड' हे चित्रपुस्तक निघाले. पण ही दोन्ही पुस्तके आधी इंग्रजीत आली. 'गुलामगिरी' मराठीत लिहिली गेली, बाबासाहेबांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातले, आणि चित्रपुस्तक मात्र दिल्लीहून इंग्रजीत यावे, ही आपल्यासाठी भूषणाची गोष्ट नाही.

आता रोजच्या जगण्याकडे वळू. चित्रकथेवर बोलणारी मुले एकमेकांना बहुधा टोपणनावाने ओळखतात. तिथे आडनाव नसते. आपल्या मुलांना त्यात मोकळे वाटते यात नवल नाही. पण ओळख वाढते, बोलणे खोलीच्या भाड्यावर येते, प्रवेशावर येते आणि कोणीतरी सहज विचारतो, 'तुझे आडनाव काय?' किंवा आरक्षणावर एखादा विनोद टाकतो. तेच विंचवाचे वाक्य! परक्या राजाच्या अन्यायावर रात्रभर बोलणारा आमचा मुलगा त्या क्षणी गप्प होतो आणि दुसऱ्या दिवसापासून बोलणेच थांबवतो. खरी चिंता या गप्प बसण्याची आहे. मोबाईलची चिंता त्यापुढे किरकोळ. बाबासाहेबांचे आडनाव मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावावरून आले. ते नाव घेऊन ते कोलंबियात गेले, लंडनला गेले आणि बडोद्यात निवाऱ्यासाठी वणवणले. त्या वणवणीची हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली. हे बळ मुलाच्या अंगी यायचे तर त्याला आधी आपल्या माणसांत मोकळेपणाने बोलायची सवय हवी.

म्हणून समाजबांधवांना आमची विनंती आहे. यंदाच्या वर्षावासात निदान एक रविवार मुलांना द्या. ती वाचतात ती चित्रकथा त्यांनाच सांगू द्या. मध्ये बोलू नका, उपदेश करू नका. त्यांचे सांगून झाले की एवढेच विचारा की राक्षस कोणी रंगविला आणि त्याची बाजू कोणी ऐकली का. मग 'गुलामगिरी'तला शंखासुराचा भाग वाचा. ज्यांचा हात चित्रात चालतो त्यांना कागद आणि रंग आणून द्या. दापोलीत बसून सनातन्यांना प्रश्न विचारणारा निवृत्त लष्करी माणूस चित्रात का येऊ नये? वणंदच्या रमाई का येऊ नयेत? शिमग्यातला संकासूर मुखवटा काढून आपली हकीकत आपल्याच बोलीत का सांगू नये? आपल्या पूर्वजांनी जातककथा सांची-भारहूतच्या दगडांवर आणि अजिंठ्याच्या भिंतींवर चित्रांतूनच सांगितल्या होत्या. जयंतीच्या कमानीवर आणि ध्वनिक्षेपकावर जो खर्च होतो त्यातला थोडा वाटा या कामाला दिला तर कोणाचे नुकसान होणार नाही.

मुले प्रश्न विचारीत आहेत. त्यांच्या प्रश्नांना वाट करून देणे एवढेच काम आपल्याकडे उरले आहे. तेवढे तरी आपण करू या. जयभीम!